लोक म्हणजे कोण?

आपल्या शहरांतील एखाद्या सुशिक्षित घरीं कर्ता पुरुष वारतो. मुलगा वकील किंवा डॉक्टर असतो, सून शाळेंत शिकविते, नात कॉलेजांत जाते. अंगणांत तिरडी बांधली जात असतां आंतल्या खोलींत दुसराच एक विधि चाललेला असतो. नुकत्याच विधवा झालेल्या बाईच्या हातांतील बांगड्या फोडण्यांत येतात, कपाळावरील कुंकू पुसण्यांत येतें, गळ्यांतील मंगळसूत्र काढून घेण्यांत येतें. हें करणाऱ्या हातांस कोणीं आज्ञा केलेली नसते. आणि तें पाहणाऱ्या डोळ्यांपैकीं पुष्कळांस पाणी आलेलें असतें. तेरावा दिवस उलटल्यावर तेथें हजर असलेल्या एकेकीस एकांतीं विचारा. सून म्हणते, मला तें पाहवेना, पण सासूबाईंच्या जावा पुढें झाल्या, तेथें मी काय बोलूं? जावा म्हणतात, आमच्या मनांत नव्हतें, पण न करावें तर शेजारपाजार काय म्हणाला असता? शेजारीण म्हणते, आम्ही पडलों परक्या. घरच्यांची इच्छा असेल असें वाटलें. मुलगा म्हणतो, बायकांच्या गोष्टींत मीं काय बोलावें? याप्रमाणें साक्षीपुराव्याचें काम आटोपल्यावर असें दिसून येतें कीं, जें कृत्य भरदिवसा वीस माणसांदेखत घडलें, त्यास कर्ता म्हणून कोणीच नाहीं.

न्यायकचेरींत ज्याचें आयुष्य गेलें त्यास हा खटला मोठा चमत्कारिक वाटतो. प्रत्येक साक्षीदार एकाच इसमाकडे बोट दाखवितो आणि त्या इसमाचें नांव ‘लोक’. लोक काय म्हणतील, लोकांत राहायचें आहे, लोकांचें तोंड कोण धरणार! परंतु या लोकांवर समन्स बजवावयास बेलिफ निघाला तर त्यास एकही पत्ता सांपडत नाहीं. कारण ज्याच्या दारीं तो जाईल तो मनुष्य पुढच्या दाराकडे बोट करील, आणि शेवटीं तो पुन्हां पहिल्याच दारीं येऊन उभा राहील. मग लोक म्हणजे कोण? आमचें उत्तर असें आहे कीं, लोक म्हणजे आपणच; प्रत्येकानें दुसऱ्याच्या मौनाचा काढलेला अर्थ म्हणजेच लोकमत. हा अर्थ बहुधा चुकीचा असतो. दुसरा मनुष्य गप्प आहे म्हणून त्यास रूढि मान्य आहे असें आपण धरतों, आणि आपण गप्प आहों म्हणून तोही तसेंच धरतो. अशा रीतीनें जी रूढि कोणाच्याच हृदयांत उरलेली नाहीं ती सर्वांच्या हातून चालत राहते.

येथें आमच्यावर एक आक्षेप येईल तो प्रथम निकालांत काढतों. ‘तुम्ही सुधारक मंडळी प्रत्येक रूढीच्या मुळावर उठतां, मग समाज चालावा कसा?’ आम्हीं असें कधींही म्हटलेलें नाहीं. चार माणसांप्रमाणें वागणें हा समाजाचा पाया आहे. आमच्या व्यापारी बंधूंस हें आम्हीं सांगावें असें नाहीं. ज्या काळीं तार नव्हती, बँका नव्हत्या, त्या काळीं एका गांवच्या सराफानें लिहिलेली हुंडी शेंकडों कोसांवरील दुसऱ्या गांवीं वटत असे, ती कोणा शिपायाच्या भयानें नव्हे, तर पेढीची पत राखावी या सर्वमान्य प्रघाताच्या बळावर. रस्त्याच्या डाव्या बाजूनें गाडी हांकणें, तिकिटाच्या खिडकीपुढें रांग धरणें, शेजारीं प्रेत असतां आपल्या घरीं वाजंत्री न लावणें, यांपैकीं प्रत्येक नियमांत व्यक्तीच्या स्वच्छंदास आळा आहे; परंतु त्या आळ्याचा लाभ सर्वांस सारखा मिळतो. असे नियम मोडणारास आम्ही सुधारक म्हणत नाहीं, आडदांड म्हणतों.

कायद्यानेंही रूढीचा अपमान केलेला नाहीं. उलट, १८६८ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें मदुरेच्या कलेक्टरच्या प्रसिद्ध खटल्यांत असें ठरविलें कीं, हिंदु कायद्यांत रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर ग्रंथांतील वचनापेक्षांही ती प्रबल समजावी. याहून मोठा मान कोणता? परंतु त्याच कायद्यानें रूढीस परीक्षाही लावलेली आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत रूढीची व्याख्या करतांना ती दीर्घकाल, अखंड आणि एकसारखी पाळली गेलेली असावी एवढेंच सांगून विधिमंडळ थांबलें नाहीं. ती निश्चित असावी, आणि अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नसावी, असेंही त्यानें घातलें. म्हणजे नुसतें वय हा रूढीचा परवाना नव्हे.

ही परीक्षा घरोघरीं लावावयास कोर्टाची गरज नाहीं. तीन प्रश्न पुरे आहेत. पहिला, या रूढीचें ओझें कोणाच्या डोक्यावर आणि फायदा कोणाच्या पदरांत? दुसरा, ती कां पाळावी याचें ‘पूर्वीपासून चालत आलें आहे’ याशिवाय दुसरें कांहीं कारण देतां येतें काय? तिसरा, एखाद्यानें नम्रपणें ‘मी हें करणार नाहीं’ असें म्हटलें, तर त्यास समाजांत पूर्वींप्रमाणें राहतां येतें काय? हुंडीचा प्रघात या तिन्ही प्रश्नांस उतरतो. तो न पाळणारावर पेढ्यांचे व्यवहार बंद होत खरे, पण त्याचें कारण कोणीही सांगूं शके. बांगड्या फोडण्याची चाल तिन्हींत नापास होते. ओझें सगळें त्या दुःखी बाईवर; फायदा कोणासही नाहीं; कारण विचारावें तर सर्व खालीं पाहतात; आणि नकार द्यावा तर हळदीकुंकवाच्या, बारशाच्या, लग्नाच्या घरांतून तिला न बोलतां बाजूस सारण्यांत येतें. नवरा गेल्यावर बायकोचें कपाळ पुसावें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं बायको गेल्यावर पुरुषाच्या अंगावरील कोणतें चिन्ह पुसावयाचें तें एकदां सांगावें.

‘मग कायदा करा,’ असें कोणी म्हणेल. कायद्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्याचा हात कोठपर्यंत पोंचतो हें आम्हांस ठाऊक आहे. विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर ठरविणारा कायदा १८५६ सालींच झाला. त्यानंतर तेरा वर्षांनीं, १८६९ सालीं, विष्णुशास्त्री पंडित यांच्या खटपटीनें मुंबईंत असा एक विवाह झाला, तेव्हां त्यास साह्य करणाऱ्या मंडळींवर बहिष्कार पडला. कायदा होऊन सदतीस वर्षें लोटल्यावर, १८९३ सालीं, फर्ग्युसन कॉलेजांतील प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांनीं एका विधवेशीं विवाह केला. तेव्हां कोंकणांतील त्यांच्या मुरूड गांवानें सभा भरवून त्यांस वाळीत टाकिलें. ज्या गृहस्थास स्वतःच्या गांवीं स्वतःच्या घरीं उजळ माथ्यानें जाण्याची चोरी झाली, त्यांसच १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, राष्ट्रानें भारतरत्न म्हणून गौरविलें. मुरूडच्या सभेंत ज्यांनीं माना डोलाविल्या त्यांपैकीं कितीजणांस मनांतून कर्व्यांचें करणें योग्य वाटत होतें, याची नोंद कोणत्याही दप्तरांत नाहीं. मौनाची नोंद होत नसते; परिणाम मात्र होतो.

मौनापुढें लहान माणसेंच वांकतात असेंही नाहीं. न्यायमूर्ति रानडे हे विधवाविवाहाच्या चळवळीचे अग्रणी. परंतु १८७३ सालीं त्यांची प्रथम पत्नी वारली, तेव्हां वडिलांच्या आग्रहापुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं आणि त्यांनीं अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं विवाह केला. पुढें १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली असतां त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें आलीं. त्यांत रानडे होते आणि टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनीं हजर मंडळींचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं, आणि साऱ्या पुण्यांत ग्रामण्य माजलें. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलें, पंच नेमले गेले, आणि अखेर १८९२ सालीं रानड्यांसारख्या, पुढें हायकोर्टापर्यंत चढलेल्या, पुरुषानेंही, आपल्यामुळें इष्टमित्रांच्या घरांत होणारी अडचण पाहून, प्रायश्चित्त घेतलें. एक पेला चहा! आम्ही हें त्या थोर पुरुषास हिणविण्याकरितां सांगत नाहीं. ज्यानें पराकाष्ठेचें बुद्धिबळ आणि अधिकार असूनही मान तुकविली, त्याच्यावरून एवढेंच शिकावयाचें कीं, ‘प्रत्येकानें एकट्यानें धैर्य दाखवावें’ हा उपदेश फुकट आहे. एकट्या मनुष्याचें धैर्य हें समाजसुधारणेचें भांडवल धरून चालणें म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर दुकान उघडण्यासारखें आहे.

हा दुबळेपणा केवळ आपल्याच लोकांचा असें मात्र कोणी समजूं नये. १९५१ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यानें आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलींत सात-आठ तरुण बसवावयाचे, त्यांस एका पत्र्यावर एक रेघ आणि दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन रेघा दाखवावयाच्या, आणि तिघींपैकीं पहिलीच्या बरोबरीची कोणती तें प्रत्येकानें मोठ्यानें सांगावयाचें. काम इतकें सोपें कीं, एकट्यास विचारलें तर शंभरांत एखादीही चूक होत नसे. परंतु त्या मंडळींत खरा परीक्षार्थी एकच. बाकीचे आगाऊ पढविलेले, आणि ठराविक वेळीं ते सर्व एकमुखानें चुकीची रेघ सांगत. अशा वेळीं परीक्षार्थींच्या उत्तरांपैकीं सुमारें सदतीस टक्के उत्तरें मंडळींच्या चुकीप्रमाणें आलीं. तेथें ना पंच होते, ना शंकराचार्य, ना वाळीत टाकण्याची धमकी. केवळ अनोळखी माणसांच्या एकमताचा हा प्रभाव! सुमारें चतुर्थांश लोक मात्र एकदांही डगमगले नाहींत, हेंही न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे.

या प्रयोगाचा खरा बोध पुढें आहे. ॲशनें पढविलेल्या मंडळींत एकच मनुष्य असा बसविला कीं, ज्यानें खरी रेघ सांगावी. समोर बहुमत तेंच आणि तितकेंच ठाम. परंतु एक सोबती मिळतांच परीक्षार्थीच्या चुका पूर्वींच्या सुमारें चौथाईवर आल्या. म्हणजे बहुमताचें बळ त्याच्या संख्येंत फारसें नाहीं. तें त्याच्या अभंगपणांत आहे. भिंतींतील एक वीट निखळली कीं मागल्यास वाट दिसते. म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं, समाजास पहिल्या वीराची जितकी गरज आहे त्याहून अधिक गरज दुसऱ्या साध्या मनुष्याची आहे. पहिला मनुष्य बोलतो तेव्हां लोक त्यास तऱ्हेवाईक म्हणतात. दुसरा ‘मलाही तसेंच वाटतें’ म्हणाला कीं ती दोन पक्षांची गोष्ट होते. जिवंतपणीं स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याचें भाग्य आगरकरांच्या वांट्यास आलें. सर्वांनीं आगरकर व्हावें अशी आमची मागणी नाहीं. आगरकरांच्या शेजारीं कोणी उभें राहिलें असतें तर ती यात्रा निघाली नसती, एवढेंच आम्ही म्हणतों.

एकट्यानें न करतां मिळून केल्यास काय होतें याचींही उदाहरणें आपल्याकडे आहेत. १८९० सालीं, म्हणजे ज्या वर्षीं पुण्यांत चहाचें ग्रामण्य माजलें त्याच वर्षीं, मुंबईच्या नाभिकांनीं सभा भरवून विधवांचें केशवपन आपण करणार नाहीं असा निश्चय केला. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्या कामीं पुढाकार होता. ज्यांस शास्त्र शिकण्याचा अधिकार नाहीं असें विद्वान् म्हणत, त्यांनीं विद्वानांस धर्म शिकविला. एका नाभिकानें वस्तरा खालीं ठेवला असता तर दुसरा बोलाविला गेला असता. सर्वांनीं मिळून ठेवला म्हणून ती गोष्ट झाली.

दुसरें उदाहरण अगदीं अलीकडील. ज्या कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं विधवा-पुनर्विवाहाचा कायदा केला, त्या जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गांवानें महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळीं, मे २०२२ मध्यें, ठराव केला कीं, आमच्या गांवांत यापुढें नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें बंद. त्याच महिन्यांत राज्य सरकारानें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनींही हा कित्ता गिरवावा असें कळविलें, आणि कांहीं गांवांनीं तो गिरविला. या ठरावामागें तुरुंग नाहीं, दंड नाहीं. मग त्याची किंमत काय? किंमत ही कीं, ज्या गोष्टीविषयीं प्रत्येकजण दुसऱ्याच्या मनाचा तर्क करीत होता, ती गोष्ट चारचौघांत मोठ्यानें बोलली गेली. दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ लावण्याचें कारण उरलें नाहीं. यापुढें त्या गांवीं ज्या सुनेस सासूचें मंगळसूत्र राखावयाचें असेल, तिला ‘माझ्या मतें’ असें म्हणावें लागत नाहीं. ‘गांवाच्या ठरावाप्रमाणें’ असें ती म्हणूं शकते. एका ठरावानें शेंकडों वर्षांची चाल एका रात्रींत नाहींशी होते असा आमचा भ्रम नाहीं. परंतु नकार देणारीस आतां एकटें उभें राहावें लागत नाहीं, हें कांहीं थोडें नव्हे.

आणि जेथें नकारावर उघड सूड उगविला जाईल, तेथें कायदाही आज पूर्वींसारखा दुबळा नाहीं. जातींतून बहिष्कृत करण्यास बंदी करणारा कायदा मुंबई सरकारानें १९४९ सालीं केला होता. धर्मपंथांस आपला कारभार पाहण्याचें जें स्वातंत्र्य घटनेनें दिलें त्याशीं तो विसंगत म्हणून सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं तो रद्द ठरविला. त्यानंतर महाराष्ट्रानें २०१६ चा सामाजिक बहिष्कार-प्रतिबंधक कायदा केला. तो जुलै २०१७ पासून अंमलांत आला, आणि त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जातपंचायतींच्या जुलुमाखालीं दबलेल्यांस हें शस्त्र उपयोगी आहे, आणि तें वापरणारास आपण सर्वांनीं साह्य केलें पाहिजे. परंतु शहरांतील आपल्या बैठकींत पंच कोठें आहेत? तेथें आहे ती नजर, कुजबूज आणि न आलेलें आमंत्रण. या अपराधांस कलम नाहीं, आणि असूंही नये. त्यांचा बंदोबस्त आपणच केला पाहिजे.

कित्येक सज्जन म्हणतात, ‘काळानें आपोआप होईल, दुःखाच्या वेळीं वाद कशाला?’ दुःखाच्या वेळीं वाद नको हें आम्हांस सर्वथा मान्य आहे. आणि म्हणूनच तो विचार आधीं झाला पाहिजे. आमचे व्यापारी वाचक दिवाळीस वह्यांचें पूजन करतात, वर्षाचा ताळेबंद काढतात, मृत्युपत्र करून ठेवतात, विम्याचा हप्ता भरतात. आपल्यामागें पेढीचें काय व्हावें हें लिहून ठेवणाऱ्या गृहस्थानें आपल्यामागें आपल्या बायकोच्या कपाळाचें काय व्हावें हें चार ओळींत लिहून ठेवावयास काय हरकत आहे? ‘माझ्यामागें माझ्या पत्नीचीं सौभाग्यचिन्हें कोणीं काढूं नयेत, ठेवणें न ठेवणें तिच्या इच्छेचें आहे,’ एवढें वाक्य नवऱ्यानें आपल्या हातानें लिहून मुलांस व भावांस वाचून दाखवावें. त्यास स्टॅम्प लागत नाहीं, रजिस्ट्रार लागत नाहीं, आणि कायद्यानें तें बंधनकारक नसलें तरी त्या दिवशीं आंतल्या खोलींत कोणत्याही हुकूमनाम्यापेक्षां अधिक काम करील. व्यापाऱ्यांच्या संघांनीं, गृहनिर्माण संस्थांनीं, ज्ञातिसभांनीं आणि महिलामंडळांनीं हेरवाडसारखे ठराव आपापल्या वार्षिक सभेंत करावे. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवास विधवा भगिनींस आमंत्रण द्यावें, तें उपकार म्हणून नव्हे, इतरांस देतों तसें.

‘हें पुरुषांनीं बायकांस सांगणें झालें,’ असाही एक टोला आम्हांस बसेल, आणि तो रास्त आहे. बांगड्या फोडणारे हात बहुधा बायकांचे असतात, म्हणून पुरुषांनीं आपल्यास निर्दोष समजूं नये. ज्या घरांत लग्नाची यादी, देण्याघेण्याच्या रकमा आणि पंगतीचा मान पुरुष ठरवितात, तेथें नेमक्या याच वेळीं ‘बायकांच्या गोष्टी’ म्हणून ते अंगणांत उभे राहतात, ही नम्रता नव्हे, पळवाट आहे.

आमचें म्हणणें लांबलें. पुढल्या महिन्यांत, पुढल्या वर्षीं, केव्हां तरी आपल्यापैकीं प्रत्येकास अशा एखाद्या घरीं समाचारास जावें लागेल. आंतल्या खोलींत कोणी एक मुलगी, बहुधा वयानें सर्वांत लहान आणि मानानें सर्वांत कमी, चांचरत म्हणेल, ‘आईच्या बांगड्या राहूं द्या ना.’ खोलींत क्षणभर शांतता पसरेल. त्या क्षणीं प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहील, आणि लोक काय म्हणतात त्याची वाट पाहील. वाचकहो, त्या क्षणीं लोक म्हणजे तुम्ही. ‘खरें आहे, राहूं द्या,’ हे चार शब्द दुसऱ्यानें उच्चारले कीं तिसरा, चौथा आपण होऊन बोलेल. आणि न उच्चारले, तर ती मुलगी गप्प बसेल आणि तीस वर्षांनीं दुसऱ्या कोणाच्या तरी खोलींत ‘घरच्यांची इच्छा असेल असें वाटलें’ अशी साक्ष देईल.